वाचकांचे प्रश्न : वर्डप्रेस अपडेट केलं की आपले फेरफार का पुसले जातात?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेस ५.४ वर आहे. शीर्षपट्टी, मराठी आकड्यांतल्या तारखा, पुस्तकशोध हे सगळं मूळ थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या संचाच्या) फायलींतच बदलून घेतलं होतं. एकदा थीम अपडेट केली आणि सारं गेलं. जुनी प्रत परत चढवली, पण तेव्हापासून कशालाच हात लावलेला नाही. आता होस्टिंगवाले पीएचपी (वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं ती) ७.४ बंद करून ८.२ देणार आहेत. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अपडेट होताना थीमचं जुनं फोल्डर काढून तिथे नवं ठेवलं जातं. म्हणून त्यात हाताने केलेलं काहीच उरत नाही. तेव्हा आधी तुमचे फेरफार नेमके कुठे आहेत ते शोधा.

डेटाबेस, डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर (थीम, प्लगइन आणि चढवलेली चित्रं यात असतात), डब्ल्यूपी-कॉन्फिग ही साइटच्या सेटिंग्जची फाइल आणि एचटीअ‍ॅक्सेस ही सर्व्हरच्या नियमांची फाइल यांचा बॅकअप घ्या आणि त्यावरून वेगळ्या पत्त्यावर चाचणी-साइट उभी करा. बॅकअप शाबूत आहे की नाही, हे तिथेच कळतं. पत्ता बदलताना मात्र डेटाबेसची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून शोधा-बदला करू नका. विजेट आणि थीमच्या सेटिंग्जमध्ये मजकुराबरोबर त्याची लांबीही साठवलेली असते. ती जुळली नाही की सेटिंग्ज गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस लेखी आज्ञांनी चालवण्याचं साधन) याची सर्च-रिप्लेस आज्ञा ही लांबी सांभाळते. चाचणी-साइटवरून सभासदांना ईमेल जाणार नाहीत, एवढंही पाहा.

आता डब्ल्यूपी-सीएलआयने चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) तपासा. वर्डप्रेसच्या गाभ्यातली कोणती फाइल बदललेली आहे, ते लगेच दिसेल. थीमसाठी तुमच्याच आवृत्तीची कोरी प्रत मिळवा आणि डिफ (दोन फायलींतला फरक दाखवणाऱ्या) आज्ञेने दोन्ही फोल्डरं ताडून पाहा. नव्या आवृत्तीशी ताडलंत, तर तुमचे फेरफार आणि थीमकर्त्याचे फेरफार एकमेकांत मिसळतील.

हाती आलेले बदल दोन ठिकाणी जातील. दिसण्याचं ते चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेली, पण वेगळ्या फोल्डरमधली थीम), आणि तारखा, पुस्तकशोध यांसारखं काम स्वतंत्र छोट्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायची पुरवणी). म्हणजे उद्या थीम बदलली तरी ते टिकेल. चाइल्ड थीममधली हेडर फाइल (शीर्षपट्टीची) मूळ हेडरच्या जागी वापरली जाते, पण फंक्शन्स फाइलचं (थीमच्या कोडची) तसं नाही. तिथे दोन्ही फायली चालतात, आधी चाइल्डची, मग मूळची. मूळ फाइल अख्खीच्या अख्खी उचलून ठेवलीत, तर एकच फंक्शन दोनदा जाहीर होतं आणि साइट बंद पडते. फक्त तुमच्या ओळी घ्या. शिवाय थीमची नवी आवृत्ती येईल तेव्हा चाइल्डमधली हेडर फाइल जुनीच राहणार, म्हणून ती दर वेळी ताडून पाहायला हवी. हे काम बहुतेक जण विसरतात.

यानंतर पीएचपी ७.४ वरच वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन अद्ययावत करा, पीएचपी शेवटी. वर्डप्रेस ५.६ च्या आधीच्या आवृत्त्या पीएचपी ८ साठी लिहिलेल्याच नाहीत. चाचणी-साइटवर डीबग लॉग (चुकांची नोंदवही) चालू ठेवून ८.२ लावा. क्रिएट-फंक्शन ही जुनी सोय पीएचपी ८.० मध्ये काढून टाकली आहे, त्यामुळे वाऱ्यावर सोडलेले प्लगइन बहुधा तिथेच अडतात. लॉगमध्ये फाइल आणि ओळ क्रमांक मिळतो. अशा प्लगइनला डागडुजी करत बसण्यापेक्षा पर्याय शोधा, हेच बरं.

प्रश्न : साइट नव्या सर्व्हरवर नेल्यावर मराठी मजकुराच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात. मजकूर गेला का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : पीएचपी-मायअ‍ॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस पाहण्याचं साधन) डेटाबेस उघडून पाहा. तिथे नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर त्या प्रतीतला मजकूर गेला. जुन्या बॅकअपमधून पुन्हा आयात करावी लागेल. टोप्या-टिंबांची रोमन अक्षरं असतील, तर मजकूर सहसा शाबूत असतो, फक्त लॅटिन-१ (रोमन अक्षरांपुरती जुनी अक्षरपद्धत) समजून वाचला जातोय. नव्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधली कॅरेक्टर सेटची (अक्षरपद्धतीची) ओळ जुन्या फाइलशी ताडा. तेवढ्यावर भागलं नाही, तर चाचणी-प्रतीवर लॅटिन-१ ठेवून डंप (डेटाबेसची फाइलरूप प्रत) घ्या, त्या फाइलमधल्या कॅरेक्टर सेटच्या घोषणा यूटीएफ८एमबी४ (मराठीसह सर्व लिप्या सामावणारी अक्षरपद्धत) करा आणि आयात करा.

प्रश्न : आपोआप होणारे अपडेट बंदच करून टाकावेत का?

उत्तर : मोठ्या आवृत्त्यांचे करा. २०१३ च्या ३.७ पासून छोटे सुरक्षा-अपडेट आपोआप होतात, ते चालूच राहू द्या. गाभ्याच्या फायलींना कुणी हात लावला नसेल, तर त्यांनी तुमचे फेरफार पुसले जाणार नाहीत.