फोंड्याजवळचे जुने कौलारू घर: मागितलेली किंमत रास्त आहे का?

गोव्यातील फोंड्याजवळच्या गावातील दोन खोल्यांच्या, चिऱ्याच्या जुन्या घराची किंमत योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अशा घराची किंमत एकत्र न पाहता जमिनीची आणि बांधकामाची अशी वेगळी मांडावी. जमिनीसाठी जाहिरातींतील आकडे धरू नयेत. त्याच गावात गेल्या एक-दोन वर्षांत नोंदणी झालेल्या विक्रीखतांतील दर पाहावा आणि भूखंड सेटलमेंट झोनमध्ये (घरबांधणीस मुभा असलेल्या क्षेत्रात) आहे का, तेही तपासावे. बांधकामात चिऱ्याच्या भिंती सहसा टिकतात, खरा खर्च छपराचा असतो. म्हणून वासे-रिपांना लागलेली वाळवी आणि गळती शक्यतो पावसाळ्यात पाहून, सुताराकडून दुरुस्तीचा अंदाज घ्यावा व तो किमतीतून वजा करावा.

परंतु गोव्यात भाव खरा ठरतो तो कागदांवर. नमुना १ व १४ मध्ये (जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यात) अनेक नावे असतील, तर वारसांची वाटणी झाली आहे का हे पाहावे. येथील नागरी कायद्यानुसार विवाहित मालकाच्या पती किंवा पत्नीची संमतीही आवश्यक असते. जागेवर मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने घर करून राहणारा) असल्यास 1975 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. (दलाल हे क्वचितच आपणहून सांगतात.) यांपैकी काही अपुरे असेल, तर स्वस्त वाटणारे घरही महाग पडेल, वकिलाचा अहवाल हाती येईपर्यंत विसार देऊ नये.