ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर न सांगता विकला, आता पैसे परत मागतायत

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करतो. फेब्रुवारी 2022 मध्ये घेतलेला आय7-12700के प्रोसेसर गेल्या महिन्यात नाशिकच्या एका मुलाला 17,000 रुपयांना विकला. तीन वर्षं तो मी ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगात, 5.2 गिगाहर्ट्झला, 1.38 व्होल्टवर चालवत होतो. जाहिरातीत 'उत्तम स्थितीत, परत घेतला जाणार नाही' एवढंच लिहिलं होतं. सौदा ठरताना त्याचा मेसेज आला, 'नॉर्मल स्पीडवरच वापरलाय असं धरून चालतो, तसं नसेल तर सांगा.' मी उत्तर दिलं, 'कधी येताय?' आता पीसी मध्येच बंद पडतो म्हणतो. माझा जुना बेंचमार्कचा (वेगाच्या चाचणीचा) स्क्रीनशॉटही त्याला सापडलाय. 17,000 परत, वर मदरबोर्डचे 18,000 द्या, नाहीतर पोलिसांत आणि ग्राहक आयोगात जातो, अशी धमकी आहे. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. ओव्हरक्लॉक केल्याचं सांगून विकणारे 14,500 घेत होते. काय करू? एक रायझन 5 3600 पण विकायचाय, तोही ओव्हरक्लॉक केलेला. त्याची किंमत कशी लावू?

उत्तर: सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. सांगून विकणारे 14,500 घेत होते आणि तुम्ही 17,000 घेतलेत. चिप धड असेल तर या भांडणाची किंमत साधारण त्या अडीच हजारांच्या आसपास आहे. धड नसेल तर गोष्ट वेगळी, तिकडे येतोच.

आधी 'खोटं बोललो नव्हतो' याचं बघू. आपला करार कायदा 1872 चा. तेव्हा चिप नव्हत्या, घोडे होते, म्हणून कलम 17 मध्ये उदाहरणंही बहुतेक घोड्याचीच आहेत. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, लिलावात तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही. इथपर्यंत वाचून तुम्हाला हायसं वाटेल. पण त्याच कलमात पुढे घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निरोगी आहे असं मी समजेन', आणि विकणारा गप्प राहतो. तिथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच धरलं जातं. तुमच्या नाशिककरानं कायदा न वाचताच जवळपास तेच वाक्य टाइप केलंय. त्यावर 'कधी येताय?' हे उत्तर कोर्टात वाचून दाखवायची वेळ माझ्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कलम 19 मध्ये एक पळवाट दिसते. नेहमीची काळजी घेतली असती तर घेणाऱ्याला खरं कळलं असतं, अशी परिस्थिती असेल, तर केवळ गप्प राहिल्याच्या कारणावरून करार मोडता येत नाही. पण ओव्हरक्लॉकची सेटिंग असते मदरबोर्डच्या बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डवरच साठवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये. चिप सॉकेटमधून काढली की सेटिंग मागे, तुमच्या बोर्डवरच राहते. चिप उलटीपालटी करून पाहिली तरी तीन वर्षांचा 1.38 व्होल्ट कुणाला दिसणार? ही पळवाट तुमच्या कामाची नाही. आणि 'परत घेतला जाणार नाही' ही ओळ फसवणुकीसमोर टिकत नाही.

तुमच्या बाजूनंही काही आहे. मालविक्री कायदा 1930 चं कलम 16 माल विक्रीयोग्य असण्याची जी अध्याहृत (न लिहिताही गृहीत धरलेली) अट घालतं, ती तशा मालाचा धंदा करणाऱ्याला लागू होते. तपकीर गल्लीतल्या किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारानं हीच चिप विकली असती तर त्याची पंचाईत जास्त होती. तुम्ही घरातली एक वस्तू विकलीत. त्यामुळे ग्राहक आयोगाच्या धमकीलाही तुमच्याकडे भक्कम हरकत आहे. (दरवर्षी चार चिप आणून त्यातली चांगली ठेवायची आणि बाकीच्या विकायच्या, असा छंद असेल तर हा परिच्छेद विसरा.)

पोलिसांच्या धमकीनं घाबरू नका, पण ती हसण्यावारीही नेऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागायला सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू दिसावा लागतो आणि असे व्यवहार बहुतेक दिवाणी वादातच मोडतात. तरी अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपवणं म्हणजे फसवणंच, असं स्पष्टीकरण त्या कलमाखाली छापलेलं आहे. तक्रार होण्याआधी तुम्ही स्वतःहून मार्ग काढलात, तर हेतू वाईट नव्हता हे दाखवायला तेच सगळ्यात उपयोगी पडेल.

आता आकडा. घेणाऱ्याला कायद्यानं दोन वाटा आहेत. एक, करार रद्द करून चिप परत द्यायची आणि 17,000 घ्यायचे. दुसरी, चिप ठेवायची आणि ती स्टॉकवरच, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवरच, वापरलेली असती तर जी किंमत होती, तिच्यातला फरक मागायचा. चिपही ठेवायची आणि पूर्ण पैसेही घ्यायचे, असं होत नाही. कुठली वाट रास्त ते चिपच्या तब्येतीवरून ठरेल. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेनं चिप हळूहळू झिजते, तोच वेग गाठायला तिला दिवसेंदिवस जास्त व्होल्टेज लागतं. पण जी 5.2 ला डळमळते ती कंपनीच्या मूळ सेटिंगवर वर्षानुवर्षं नीट चालू शकते. म्हणून त्याला बायॉस डिफॉल्टवर आणायला सांगा, शक्यतो दुसऱ्या बोर्डवर, दुसऱ्या रॅमसह. तुमच्यासमोर झालं तर उत्तम. स्टॉकवर चालली तर अडीच-तीन हजार देऊन मोकळे व्हा. स्टॉकवरही बंद पडली तर वाद घालू नका, पूर्ण पैसे देऊन चिप परत घ्या. परत घेताना धातूच्या झाकणावरचा बॅच क्रमांक तुमच्या खोक्यावरच्या लेबलशी ताडून बघा. दुसरीच चिप परत आल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत.

मदरबोर्डचे 18,000 मात्र देऊ नका. करार कायद्याचं कलम 73 दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई देत नाही. शिवाय चिप पूर्वी ओव्हरक्लॉक केलेली होती म्हणून बोर्ड कसा गेला, हे त्यानं दाखवायला हवं. या पिढीत पिना सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवर असतात. त्या बसवताना वाकल्या असतील तर तो तुमचा प्रश्न नाही. सॉकेटचा जवळून काढलेला फोटो मागा.

चॅट पुसू नका, स्क्रीनशॉटही काढून टाकू नका. दोन्ही त्याच्याकडे आहेतच, पुसण्यानं तेवढी तुमची नियत खराब दिसेल. पैसे यूपीआयनं द्या आणि 'या व्यवहाराबाबत पूर्ण व अंतिम समझोता, पुढे कोणतीही मागणी नाही' असं दोघांच्या सहीनं लिहून घ्या.

रायझनबद्दल. किती टक्के कमी करावे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. त्या आठवड्यात स्टॉकवर वापरलेले 3600 खरोखर किती रुपयांना गेले ते बघा. लोक मागतात तो भाव आणि मिळतो तो भाव यात बराच फरक असतो. त्यातून मग वजा करत जा. व्होल्टेज किती आणि किती काळ होतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. किरकोळ व्होल्टेजवर वर्षभर चाललेल्या चिपला मी फारसं कापणार नाही. याच्या पिना चिपला असतात, एखादी वाकडी असेल तर तेही भावातून जाईल.

जाहिरात अशी लिहा, आकडे तुमचे खरे टाका: 'रायझन 5 3600. दोन वर्षं 4.2 गिगाहर्ट्झला, 1.3 व्होल्टवर ओव्हरक्लॉक केलेला, सध्या स्टॉकवर. वॉरंटी संपली. घरी येऊन तासभर चालवून बघा, मग न्या.' घेणाऱ्याकडून 'वाचलं' एवढं मेसेजवर घ्या. त्याखाली मग 'परत घेतला जाणार नाही' खुशाल लिहा, या वेळी त्या ओळीला काही अर्थ असेल.