मेश बारीक केली की तुळई कमजोर का होते?

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मधोमध खाच ठेवलेल्या, सळईविरहित काँक्रीटच्या तुळईवर भार वाढवत नेल्यास तडा कसा जातो, याचे सिम्युलेशन मी अ‍ॅबॅकस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये करत आहे. मेश, म्हणजे गणितासाठी तुळईचे जे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतात त्यांचे जाळे, २० मिलिमीटरवरून ५ मिलिमीटरवर आणली की तीच तुळई कमी भाराला आणि एकदम तुटते. मेश जितकी बारीक तितके उत्तर अचूक, असे आम्हाला शिकवले आहे. मग यातले खरे उत्तर कोणते?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : बहुधा दोन्ही नाहीत. तुम्हाला शिकवलेला नियम चुकीचा नाही; मात्र पदार्थ तडकून मऊ पडू लागला की तो जसाच्या तसा लागू होत नाही. तडा सुरू झाला की सगळी विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात होणारा लांबीतला बदल) एलिमेंटच्या एकाच रांगेत गोळा होते. तडकल्यानंतरच्या वर्तनाचा तक्ता तुम्ही प्रतिबल (दर एकक क्षेत्रफळावरचे बल) आणि विकृती अशा जोडीने भरला असेल, तर ती रांग जितकी अरुंद, तितकी तडा जाताना खर्ची पडणारी ऊर्जा कमी. म्हणजे ५ मिलिमीटरच्या मेशमध्ये तुमचे काँक्रीट २० मिलिमीटरच्या तुलनेत चौपट स्वस्तात फुटते आहे, आणि यात काँक्रीटचा काहीच दोष नाही.

नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा मोजावी लागते आणि ती पुरेशी सुटली तरच भेग पुढे सरकते, हे ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या संदर्भात दाखवले. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हाच विचार काँक्रीटच्या फायनाइट एलिमेंट विश्लेषणात (असे तुकडे पाडून केलेल्या गणितात) आणला आणि भेगेचे वर्तन विकृतीऐवजी तिच्या रुंदीशी जोडले. समजा, ताणातील सामर्थ्य ३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि भंग-ऊर्जा (एकक क्षेत्रफळाची भेग पाडायला लागणारी ऊर्जा) ०.१ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. प्रतिबल सरळ रेषेत उतरते असे धरले, तर भेग सुमारे ०.०६७ मिलिमीटर रुंदावल्यावर ते शून्य होते. हीच रुंदी २० मिलिमीटरच्या एलिमेंटमध्ये ०.००३३ आणि ५ मिलिमीटरच्या एलिमेंटमध्ये ०.०१३३ इतकी विकृती होते; एकच तक्ता दोन्हींना कसा चालेल? अ‍ॅबॅकसमध्ये हा तक्ता भेगेच्या विस्थापनाच्या किंवा थेट भंग-ऊर्जेच्या रूपात भरण्याची सोय आहे. ती वापरा.

तिरक्या भेगांची अडचण मात्र एवढ्याने सुटत नाही, कारण तडा मेशच्या रेषा धरून धावतो. तिथे भेग ठरावीक रुंदीच्या पट्ट्यात पसरवणारी फेज-फील्ड पद्धत उपयोगी पडते; एलिमेंट त्या पद्धतीतील लांबी-मापाच्या (पट्ट्याची रुंदी ठरवणाऱ्या आकड्याच्या) निम्म्याहून मोठे नसावे, त्यामुळे गणिताला वेळ बराच लागतो.

रंगीत चित्रात भेग कितीही खरी दिसली, तरी आधी भार आणि विस्थापन यांचा आलेख भार शून्यावर येईपर्यंत काढा. त्याखालच्या क्षेत्रफळाला खाचेवरील उरलेल्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागा. २०, १० आणि ५ मिलिमीटर या तिन्ही मेशमध्ये उत्तर ०.१ च्या, म्हणजे धरलेल्या भंग-ऊर्जेच्या, आसपास आले, तर तक्ता बरोबर भरला गेला आहे.