लघवीचा रकाना

प्रिय मुली,

तुझी नेमणूक कोकणात झाली, तीही ऐन भातलावणीच्या तोंडावर. नाडी, ताप, बीपी तू नीट लिहिशीलच. लघवीचा रकाना मात्र बऱ्याच केसपेपरवर कोरा असतो, नाहीतर 'ठीक' एवढंच लिहिलेलं असतं.

"लघवी होते ना?" असं विचारलंस की सगळे मान डोलावतात. "शेवटची कधी झाली, किती झाली, रंग कसा होता?" असं विचार. बायका लाजतात, म्हणून बाजूला नेऊन विचार. मोठ्या माणसाला दिवसभरात 400 मिलीपेक्षा कमी झाली तर ती नक्कीच कमी. तान्ह्याचं लंगोट सहा-आठ तास कोरडं राहिलं, तर घरी थांबवायचं नाही.

मग ओटीपोटावर हात ठेव. टणक, फुगलेलं, दाबताच माणूस कळवळला, तर लघवी तयार झाली आहे पण तुंबली आहे. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांचं हे नेहमीचं. त्यांना "भरपूर पाणी प्या" सांगणं म्हणजे छळ. त्यांना लगेच लघवीची नळी घालायला हवी. पोट मऊ असेल तर अंगातलं पाणी आटलंय किंवा किडनीच बिघडलीय. जुलाबाने आटलेला माणूस शुद्धीवर असेल, पिऊ शकत असेल, तर ओआरएस सुरू कर: एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच. काही तासांत लघवी सुटली नाही किंवा उलट्या थांबेनात, तर डॉक्टरांना बोलाव.

तुझ्या भागात खरी धास्ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची. उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं शेतातलं पाणी, त्यात पायाला चिरा. ताप, लाल डोळे, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. अशी माणसं अंगदुखीची सुई कुठूनतरी टोचून आलेली असतात. डायक्लोफिनॅक असेल तर आटलेल्या किडनीला ते आणखी मारक, म्हणून काय घेतलं ते खोदून विचार. आणखी एक मेख: लेप्टोत किडनी बिघडूनही लघवी भरपूर होऊ शकते. तेव्हा लघवी बरी दिसली तरी डॉक्टरांना सांगून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घे.

आठ तासांत थेंब नाही, तोंड-पाय सुजलेत, धाप, गुंगी, लघवीत रक्त, डोळे पिवळे: यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन कर. साप चावलेल्याच्या बाबतीत मात्र लघवीची वाट बघत बसू नकोस. घोणस किडनीवर जाते, त्याला आधीच हलव. नातेवाईक "लघवी वाढवायची गोळी द्या" म्हणून मागे लागतील. ती डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नाही. आटलेल्याला ती आणखी कोरडं करते.

नळी घातलेल्याची पिशवी रिकामी दिसली तर घाबरण्याआधी चादर उचलून बघ. निम्म्या वेळा पेशंट नळीवरच झोपलेला असतो. नळी सरळ करूनही पिशवीत काही उतरलं नाही, तर वेळ लिही आणि डॉक्टरांना उठव, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

तुझी,
सिस्टर