उत्तर: चष्मा उणे सव्वा, वय १९ आणि फ्लाइंग ब्रँच. मेडिकल वेव्हर मिळतो का?

भावा, तुझी पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, चष्म्याचा नंबर उणे सव्वा, वीस पूर्ण व्हायला चार महिने बाकी. एएफकॅटमधून, म्हणजे हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या परीक्षेतून, वैमानिकांच्या फ्लाइंग ब्रँचला जायचंय आणि एक डोळ्यांचं हॉस्पिटल सणाच्या सवलतीत लेसिक, म्हणजे चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन, करून द्यायला तयार आहे. नाकाचा पडदाही वाकडा आहे म्हणतोस. कुठं कमी पडलो तर वेव्हर मिळेल का, हा तुझा प्रश्न.

आधी हॉस्पिटलला फोन लाव आणि ऑपरेशनची तारीख रद्द कर. मग पुढचं वाच.

मी डॉक्टर नाही, हवाई दलातही नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा तू अर्ज भरशील त्या वेळच्या जाहिरातीतलं मेडिकलचं परिशिष्ट हेच खरं धरायचं. मी सांगतोय ते माझ्यावर गुजरलेलं आहे.

वेव्हर हा शब्द तू अमेरिकन लोकांच्या व्हिडिओत ऐकला असशील. तिकडं उमेदवार एखाद्या निकषात बसला नाही तरी त्याचं प्रकरण पुढं पाठवून सूट मागता येते. आपल्याकडं भरतीच्या वेळी तसली खिडकी नाही. इथं फिट, टेम्पररी अनफिट किंवा पर्मनंट अनफिट. अनफिट ठरलास तर अपील मेडिकल बोर्ड, त्यासाठी ४२ दिवसांची मुदत. त्यानंतर रिव्ह्यू बोर्ड, पण तो हक्काने मिळत नाही, प्रकरणात दम वाटला तरच मंजूर होतो. आणि नीट समजून घे, अपील म्हणजे फेरतपासणी. तपासणीत चूक झाली असेल किंवा दोष दुरुस्त झाला असेल तर उपयोग. नियमच आडवा येत असेल तर तिथं कुणी दया दाखवत नाही.

माझ्या बाबतीत नियमच आडवा आला.

मी मानवतकडचा. आमचा कापूस. बाराव्या वर्गापासून डोक्यात विमानच होतं, आणि चष्मा लागला उणे दीडचा. फ्लाइंगला मायोपिया, म्हणजे उणे नंबर, चालत नाही हे कळल्यावर मी एका शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंना मी स्पष्ट विचारलं, डिफेन्सला चालतं का? त्या म्हणाल्या, आमच्याकडून कितीतरी पोरं करून गेली, टेन्शन घेऊ नका. माझी जन्मतारीख त्यांच्या फॉर्मवर लिहिलेली होती. वय कुणी विचारलं नाही. बापूंनी कापसाच्या पट्टीतून पैसे भरले आणि वीस पूर्ण व्हायला ५७ दिवस असताना माझं लेसिक झालं.

दोन वर्षांनी मैसूरला एएफएसबीचे, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळाचे, पाचही दिवस पार पडले आणि सीपीएसएस, म्हणजे वैमानिक व्हायची क्षमता तपासणारी परीक्षा, मी पास झालो. ती परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, तुला माहीतच असेल.  मग बेंगळुरूला इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये मेडिकल. उंची, पायाची लांबी, पाठीच्या कण्याचे एक्सरे, सोनोग्राफी, सगळं नीट. डोळ्यांच्या टेबलावर मॅडमनी माझं डिस्चार्ज कार्ड घेतलं आणि दहावीच्या सनदेशेजारी ठेवलं. कार्डावर निळ्या शाईत तारीख होती, त्या तारखेवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं आणि ओठ हलवत महिने मोजले. परत एकदा मोजले. मग हिंदीत विचारलं, तेव्हाच करायला कुणी सांगितलं होतं? माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

नियम असा होता की ऑपरेशन वीस वर्षांच्या आधी झालेलं नसावं. त्यानंतर किमान १२ महिने गेलेले असावेत, आधीचा नंबर सहाच्या वर नसावा, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नसावी, आणि डोळ्याची लांबी, म्हणजे अ‍ॅक्सिअल लेंथ, २५.५ मिलिमीटरच्या वर नसावी. बाकी सगळ्यात मी बसत होतो. दोन्ही डोळे ६/६. अपीलमध्येही डोळे ६/६ च आले, आणि तारीखही तीच आली.

या अपीलसाठी मला ऑपरेशनच्या नोट्स हव्या होत्या, कारण प्रकार आणि तारीख सांगणारा कागद नसेल तर तेवढ्यावरच अनफिट करतात. पैसे घेताना त्या दवाखान्यात दहा मिनिटं लागली होती. नोट्स मिळायला मला १९ दिवस हेलपाटे मारावे लागले. रेकॉर्ड स्टोअरला गेलंय, सर रजेवर आहेत, उद्या या. शेवटी तिथलाच एक जण हळूच म्हणाला, तारीख तीन महिने पुढची टाकून देऊ का? मी घरी येऊन बापूंना सांगितलं. ते म्हणाले, "खोटा कागूद घेऊन जाऊ नको." मी गेलो नाही. आजही त्या दवाखान्याच्या बोर्डावरून बस जाते तेव्हा मी दुसऱ्या खिडकीतून बघतो.

वीसची अट उगाच नाही, हे मला नंतर पटलं. त्या वयात डोळा अजून वाढत असतो, नंबर स्थिर झालेला नसतो. पण हे मला आधी सांगणं हे ज्यांचं काम होतं त्यांनी सांगितलं नाही, याचा राग गेलेला नाही.

आता तुझं. आधी कुठल्याही बड्या सेंटरला जाऊन फक्त अ‍ॅक्सिअल लेंथ मोजून घे, ऑप्टिकल बायोमेट्रीवर, म्हणजे प्रकाशानं डोळ्याची लांबी मोजणाऱ्या यंत्रावर. लेसिक कॉर्नियाला आकार देतं, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. म्हणजे तुझा डोळा मुळातच लांब असेल तर चष्मा जाईल आणि तरी अनफिट ठरशील, पैसे पाण्यात. हे माझ्या मते ऑपरेशनच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि ते कुणी सुचवत नाही. लांबी आणि कॉर्निया दोन्ही बसत असतील तर वीस पूर्ण झाल्यावर कर, आणि त्याच दिवशी नोट्स, डिस्चार्ज कार्ड, आधीच्या नंबरचा कागद सही-शिक्क्यासह मागून घे. लहान भाऊ एनडीएची तयारी करतोय असं लिहिलंस, त्याला मात्र लेसिकच्या नादी लावू नकोस, एनडीएला ते चालतच नाही.

नाकाचं वेगळं. विमानात हवेचा दाब झपाट्यानं बदलतो, सायनस आणि कान मोकळे लागतात, म्हणून पडद्यामुळं श्वास अडत असेल तर टेम्पररी अनफिट करतात. ते दुरुस्त होतं, अपीलमध्ये पोरं फिट झालेली मी पाहिलीत. पण ४२ दिवसांत ऑपरेशन, जखम भरणं आणि परत तपासणी ही ओढाताण होते. ईएनटीनं खरंच अडथळा आहे म्हटलं तर एएफएसबीच्या बऱ्याच आधी उरकून घे. नुसता थोडा वाकडा असेल तर हातही लावू देऊ नकोस.

लांबीचा आकडा आला की दोन्ही डोळ्यांचा इथं टाक. मी बघतो.