दुसऱ्या कार्डाचा अर्ज करण्याआधी

प्रिय,

तीन बँकांत एकदम अर्ज टाकायचे, कुठे ना कुठे दुसरं क्रेडिट कार्ड लागेल, हा तुझा हिशोब लॉटरीला ठीक आहे. कार्डाच्या अर्जात मात्र न लागलेल्या तिकिटाचीही नोंद राहते.

अर्जात पॅन देऊन संमती दिलीस की बँक तुझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुझ्या कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंद, मागवते. ही हार्ड एन्क्वायरी. रिपोर्टात तिची ओळ उमटते: कोणी मागवला, कधी, कशासाठी, किती रकमेसाठी. अर्ज मंजूर झाला की नाही, हे त्या ओळीत नसतं. पण आठवड्याभरात तीन एन्क्वायऱ्या आणि नवं खातं एकही नाही, एवढ्यावरून चौथी बँक काय ते समजते. एकट्यादुकट्या एन्क्वायरीने स्कोअर, म्हणजे त्या नोंदींवरून काढलेला तुझ्या भरवशाचा आकडा, फारसा हलत नाही. तुझं खातं मात्र एकच आणि तेही नवं, म्हणून तुला फटका जरा जास्त.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा पाहा, त्याने स्कोअर कमी होत नाही. फुकट स्कोअर दाखवणाऱ्या ॲपमध्ये शेजारी ‘अप्लाय’चं बटण असतं, तिथे जपून. एका टिचकीत तुझी माहिती एकाहून जास्त कंपन्यांकडे जाऊ शकते. ‘प्री-अप्रूव्ड’ म्हणजेही पक्कं नव्हे. होकार दिल्यावर हार्ड एन्क्वायरी होऊ शकते. संमतीचा बारीक मजकूर वाचूनच टिक कर.

म्हणून आधी रिपोर्ट काढ. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. कोणती बँक कुठला रिपोर्ट बघेल हे आपल्या हातात नाही, तेव्हा निदान दोन तरी काढ.

स्कोअरचा आकडा शेवटी बघ. आधी प्रत्येक खात्याखालची महिन्यांची चौकट बघ. सिबिलच्या रिपोर्टात तिथे ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ असेल तर ठीक. ‘०३२’ म्हणजे हप्ता ३२ दिवस थकलेला. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहितीच बँकेने पाठवली नाही. मग न ओळखीचं खातं आहे का, फेडून झालेलं एखादं ॲपचं छोटं कर्ज अजून चालूच दिसतंय का, कुठे ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं) लिहिलंय का, ते तपास. चूक सापडली तर त्याच कंपनीच्या साइटवर तक्रार टाक, पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. तक्रार क्रमांक जपून ठेव.

त्यानंतर लिमिट. तुझ्या ६०,००० लिमिटच्या कार्डावर ४८,००० ची बाकी म्हणजे ८० टक्के वापर. बिल तू वेळेवर पूर्ण भरलंस, तरी रिपोर्टात ८०च दिसू शकतात, कारण बरेचदा बिल तयार होतानाची बाकी पुढे कळवली जाते. ड्यू डेटची वाट न बघता स्टेटमेंट निघण्याच्या चार-पाच दिवस आधी ३३,००० भर. बाकी १५,००० उरते, म्हणजे २५ टक्के. तीसच्या आत ठेवायचं हा ढोबळ दंडक आहे, कायदा नाही. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती द्यावी लागते, त्यामुळे महिन्याभरात नवा आकडा दिसायला हवा. तो दिसल्यावरच अर्ज कर.

पहिला अर्ज पगार जमा होतो त्या बँकेत. तिला तुझी आवक माहीत असते. नकार आला तर नेमकं कारण लेखी माग; ते देणं बँकेवर बंधनकारक आहे. नकाराचं कारण बरेचदा स्कोअर नसतंच: उत्पन्नाची अट, न जुळणारा पत्ता, नोकरीत कमी महिने. अशा वेळी दुसरीकडे धावण्यापेक्षा सहा महिने थांबलेलं बरं. अगदीच अडलं असेल तर एफडीवर मिळणारं कार्ड घे, तिथे बँकेकडे तारण असल्याने छाननी सैल असते.

येत्या सहा महिन्यांत घर किंवा गाडीसाठी कर्ज काढायचं असेल, तर दुसऱ्या कार्डाचा विषय आत्ता सोड. आणि नवं कार्ड आलं म्हणून पहिलं लगेच बंद करू नकोस. एकूण लिमिट घटून वापराची टक्केवारी वर चढते. त्याची वार्षिक फी डोईजड असेल तर आधी त्याच बँकेकडे बिनफीच्या कार्डात बदलून माग.

तुझा,
काका