फिट्ससाठी मेंदूचं ऑपरेशन करायचं तर लेझरने बरं की कवटी उघडून? घरचे तयार नाहीत, काय करावं?

प्रश्नाखालचा तपशील वाचला आणि राहवलं नाही. भाऊ २४ वर्षांचा, लहानपणापासून फिट्स, तीन औषधं चालू असूनही महिन्यातून दोन-तीनदा येतातच, एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागावर, व्रण. आणि काका म्हणतात, "आटोक्यात आहे ना, मग मेंदूला कशाला हात लावायचा?"

महिन्यातून तीनदा शुद्ध हरपते, याला आटोक्यात म्हणत नाहीत. तुमच्या काकांची आणि माझ्या मामांची गाठ घालून द्यायला हवी, मस्त जमेल दोघांचं.

माझं दुखणं तेच होतं. उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला. पोटातून काहीतरी वर चढत यायचं, समोर चाललंय ते सगळं आधी घडून गेलंय असं वाटायचं, आणि मग मधला तुकडाच गायब. मी कधी धाडकन पडले नाही, तोंडाला फेस आला नाही, त्यामुळे मामांच्या लेखी ती फिटच नव्हती. "तंद्री लागते तिची," म्हणायचे. तेव्हाचे आमचे डॉक्टरही मामांच्याच पंथाचे. एक गोळी वाढव, दुसरी बदल, डोस थोडा वर ने. झोप, वजन, हिरड्या, सगळ्याची वाट लागली, पण ऑपरेशन हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांच्यावर माझा राग अजून आहे आणि तो राहू दे.

कारण ही माहिती काही गुपित नव्हती. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी या डॉक्टरांनी २००० साली ४७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट्स थांबल्या. दुसऱ्या-तिसऱ्या औषधाने मिळून आणखी जेमतेम १४ टक्के. पुढे कितीतरी नवी औषधं आली, तरी २०१८ मध्ये तिथूनच आलेल्या मोठ्या अभ्यासात चित्र फारसं बदललेलं नव्हतं. म्हणून दोन योग्य औषधं योग्य डोसमध्ये देऊन भागलं नाही की त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार (फिट्सचा आजार) म्हणतात, आणि तिथेच ऑपरेशनसाठी तपासणी सुरू करायची असते. चौथी गोळी चालू करून बघूया, असं नाही.

तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे, हे काकांना आधी सांगा. मला व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद आणि चित्रीकरण एकत्र करायला, दाखल केलं, डोक्यावर वायरी चिकटवून वर पट्टी गुंडाळली, समोर कॅमेरा. गोळ्या मुद्दाम कमी केल्या. आयुष्यभर जी येऊ नये म्हणून धडपडलो, तिची वाट बघत बसायचं. आई हातात बटण धरून बसलेली, फिट आली की दाबायचं. एक नर्स किरणोत्सारी औषधाची सिरिंज तयार ठेवून बाहेर, कारण फिट सुरू झाल्यावर काही सेकंदांत ते शिरेतून गेलं तरच ती कुठून उठली हे स्कॅनमध्ये धरता येतं. उशीर झाला तर ती पसरलेली असते आणि स्कॅनमध्ये भलतीच जागा उजळते.

नंतर डॉक्टरांनी मला माझीच फिट दाखवली. मी बोलता बोलता थांबते, ओठ चाटल्यासारखे हलतात, उजवा हात चादरीची कड चिमटीत धरून ओढत राहतो, डावा मात्र मनगटात वाकडा होऊन ताठ. आई हाक मारते आणि मी चक्क "हो, हो" म्हणते, अगदी शहाण्यासारखी. डॉक्टर म्हणाले, डावा हात ताठतोय आणि उजवा चाळे करतोय म्हणजे उगम उजवीकडे, आणि फिटमध्येही बोलता येतंय म्हणजे भाषेची बाजू बहुधा फिटच्या तावडीतून वाचलीय. बाकीच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं. मामा ती फिल्म बघायला तयार नव्हते. आईने बघितली आणि त्या दिवसापासून ती माझ्या बाजूला आली.

मामांचा हुकमी एक्का म्हणजे कुठल्याशा मासिकातलं कात्रण. फिट्ससाठी मेंदूचा भाग काढला आणि माणसाची नवी आठवण साठवण्याची ताकदच गेली, ती हकीकत. ती खरी आहे. रुग्ण हेन्री मोलेसन, १९५३, सर्जन विल्यम स्कोव्हिल. पण मोलेसनचा हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी काढला होता. त्या एका माणसाने जगाला शिकवलं की दोन्ही बाजू कधी काढायच्या नाहीत. आता एकच बाजू काढतात, तीही दुसरी काम करतेय का हे तपासून. सत्तर वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचं कात्रण दाखवून आजचं ऑपरेशन अडवायचं, हे कुठलं शहाणपण?

"आणि टेबलावर काही झालं तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मग गोळ्या खात बसल्यावर काही होत नाही का? अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये वर्षाला हजारी सुमारे एक जण अचानक, बरेचदा झोपेतच जातो, आणि ज्यांच्या मोठ्या फिट्स थांबत नाहीत त्यांना हा धोका बराच जास्त. कॅनडात डॉक्टर वीबे यांनी ८० रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना ऑपरेशनला आणि निम्म्यांना औषधांवर ठेवलं होतं, निकाल २००१ साली आला. वर्षभराने शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के मुक्त, औषधांच्या गटातले ८ टक्के. त्या वर्षात एक मृत्यू झाला, तो औषधांच्या गटात. २०१७ मध्ये दिल्लीच्या एम्सने ११६ मुलांवर असाच अभ्यास केला, तिथे ७७ विरुद्ध ७ टक्के.

मी कवटी उघडूनच करून घेतलं, मला लेझर उपलब्ध नव्हतं. लेझरमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूने बारीक भोकातून तंतू आत सरकवतात आणि एमआरआयमध्ये तापमान बघत तेवढाच भाग जाळतात. एक-दोन दिवसांत घरी. नावं आठवणं वगैरे गोष्टींवर परिणाम कमी होतो, पण फिट्स पूर्ण थांबण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा थोडं कमी पडतं. ते फसलं तर उघडं ऑपरेशन नंतर करता येतं. व्रण डावीकडे, म्हणजे बहुधा भाषेच्या बाजूला, असेल आणि भावाची शब्दांची स्मरणशक्ती चांगली असेल तर लेझरचा विचार जास्त गंभीरपणे करा. उजवीकडे असेल तर मी उघडंच म्हणेन, पण हे माझं मत, सर्जनचं नाही.

आता ज्या गोष्टी मामांना मी कधीच सांगणार नाही त्याही लिहिते. कानशिलाचा स्नायू कापतात, त्यामुळे बरेच आठवडे तोंड पूर्ण उघडत नाही, चावताना कळ येते. माझ्या नजरेचा डावीकडचा वरचा कोपरा गेला, उघडं राहिलेलं कपाटाचं दार अजून डोक्याला लागतं. लेझरनेही हे होऊ शकतं. गोळ्या लगेच बंद होत नाहीत, माझी एक अजून चालू आहे. सगळं नीट होऊनही काही जणांना नंतर उदासी येते, मला आली, त्यासाठी वेगळे उपचार घ्यावे लागले. काहींच्या फिट्स वर्षांनी परततात. आणि तपासणीअंती "तुमचं ऑपरेशन करता येणार नाही" असंही सांगू शकतात. मग मेंदूत किंवा मानेतल्या नसेवर बसवायची उपकरणं आहेत, पण त्यांनी फिट्स कमी होतात, सहसा पूर्ण थांबत नाहीत.

घरच्यांना कसं पटवायचं हे मला विचारू नका. मामांना मी पटवलं नाही, मी सही केली. तुमच्या प्रश्नात आईचं मत आहे, काकांचं आहे, तुमचंही आहे. २४ वर्षांच्या भावाचं कुठेच नाही. त्याला विचारा आणि तो काय म्हणतो ते खाली लिहा, लेझरचं पुढचं त्याच्याशीच बोलते.